ओढ्यातल्या मुऱ्या-मळव्यांची नोंद: आधी ओढा, मग मासा

पाऊस सरला की मला ठरलेले फोटो यायला लागतात. तळहातावर वाळत चाललेली एक मुरी, म्हणजे ओढ्यातला बोटाएवढा लांबट मासा, तिच्यावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली, आणि खाली प्रश्न, "ही कुठली जात?" मी विचारतो कुठल्या ओढ्यात मिळाली, पाणी किती होतं, दगडाखाली होती की वाळूत, तर उत्तर येतं "तिथेच, पुलाच्या खाली." आता या फोटोचं काय करायचं? मासा बहुतेक मेला आणि हाती माहिती शून्य.

चूक दरवेळी क्रमाची असते. लोक ओढ्यावर पोचले की पहिली जाळी घालतात आणि बाकी सगळं नंतर आठवून लिहितात, म्हणून पूर्ण क्रम इथे लिहून ठेवतोय. हे सह्याद्रीतल्या ओढ्यांसाठी आहे, व्हाळ म्हणा, पऱ्या म्हणा, आणि मासे म्हणजे बोटाएवढे, मुरी, मळव्या, खवली वगैरे. नावं गावागणिक बदलतात, त्यात अडकू नका.

## १. महिना आधी ठरवा

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पाणी निवळलेलं असतं, धार चालू असते, आणि पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं तोपर्यंत दिसण्याइतकी मोठी झालेली असतात.

जून-जुलै नको. पहिल्या पावसाबरोबर मासे उलट दिशेने वर चढतात, अंडी घालायला छोट्या ओहोळात आणि भातखाचरातसुद्धा शिरतात, यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. पोटात गाबोळी असलेली मादी जाळीत उचलली तर एक मासा गेला असं नसतं, त्या ओढ्याची पुढच्या वर्षाची भरती त्यातून कमी होते. शिवाय डोंगरात पाऊस पडला की ओढा मिनिटांत फुगतो, तो धोका वेगळाच.

एप्रिल-मे सुद्धा नको, आणि इथे लोक हमखास फसतात कारण तेव्हा मासे पकडणं सगळ्यात सोपं असतं. धार तुटलेली असते, एका कोंडीत, म्हणजे उरलेल्या डबक्यात, अख्ख्या ओढ्याचे मासे जमलेले असतात. पण तेच तर पुढच्या पावसात सगळा ओढा परत भरणार असतात. आणि त्या कोंडीतलं पाणी तापलेलं असतं. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, म्हणजे मासा आधीच धापा टाकतोय आणि त्यात तुम्ही जाळी घेऊन तळ ढवळताय. उन्हाळ्यात जायचंच असेल तर काठावरून बघा, कोंडी मोजा, फोटो काढा, पाण्यात उतरू नका.

## २. परवानगी

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, "आम्ही फक्त बघून सोडतो" हे चालत नाही. राखीव जंगलात नियम मोडून मासे धरणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेव्हा आधी वनखात्याच्या स्थानिक ऑफिसात विचारा. बाकी ठिकाणी ग्रामपंचायतीला सांगून जा. तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कागदावर तरी असतेच, आणि तुमची नोंद शेवटी त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जायला हवी, त्यामुळे ओळख आधीच झालेली बरी.

> सावध: बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट, ब्लीचिंग पावडर, सुरुंग, झाडपाल्याचं विष, यातलं काहीही "थोडंसंच" म्हणूनसुद्धा नको. स्फोट करून किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि करंटने पाण्यात उभी असलेली माणसंही मरतात.

## ३. सामान

- हातजाळी, चौकट साधारण दीड-दोन फुटाची, जाळीचं भोक २ ते ३ मिलिमीटर. गाठींची जाळी नको, अंग खरचटतं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, तर नकोच, दगडात अडकतो आणि या कामाला काही उपयोग नाही.
- दोन फिक्या रंगाच्या बादल्या, वर झाकायला ओलं फडकं.
- अरुंद पारदर्शक डबा, फोटोसाठी. मासा आत वळू शकणार नाही इतका अरुंद.
- थर्मामीटर, मीटरची टेप, पट्टी, घड्याळ.
- वही आणि पेन्सिल. पेन नाही. मी एकदा अख्ख्या दिवसाची नोंद शाईच्या पेनने लिहिली, परतताना घसरून वहीसकट पाण्यात बसलो, आणि घरी येऊन उघडली तर निळे ढग होते नुसते.

हाताला डासांचं क्रीम, सनस्क्रीन, सॅनिटायझर काहीही नको. लावलेलं असेल तर ओढ्यापासून लांब साबणाने धुऊन या.

आणि आधी दुसऱ्या ओढ्यात वापरलेली जाळी असेल तर ती पूर्ण सुकलेली आहे ना ते बघा. ओल्या जाळीतून रोग जातात, गप्पीची पिल्लं आणि गोगलगायीसुद्धा जातात.

## ४. पट्टा मोजा (जाळी अजून पिशवीतच)

१०० मीटरचा पट्टा घ्या, खालच्या टोकाला आणि वरच्या टोकाला मोबाईलवर जीपीएसचे आकडे घेऊन लगेच वहीत उतरवा, नुसता स्क्रीनशॉट नको. टोकाला एखादं न हलणारं काहीतरी लिहून ठेवा, मोठा कातळ, उंबराचं झाड, असं. पुढच्या वर्षी हेच शोधायचंय.

मग काठाकाठाने चालत पट्ट्याचे भाग पाडा. खळाळ म्हणजे उथळ, दगडांवरून फेसाळत जाणारं पाणी. संथ धार म्हणजे वाहतंय पण पृष्ठभाग फुटत नाही. आणि डोह. कुठला भाग किती मीटर ते लिहा. हे फार महत्त्वाचं आहे कारण हे मासे ओढ्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, मळव्या खळाळात दगडाला चिकटून शेवाळ खरवडत असतो, मुऱ्या गोट्यांच्या फटीत, काही जाती वाळूत, खवल्या डोहाच्या कडेला. नुसतं "ओढ्यात मिळाला" म्हणजे माणूस "शहरात राहतो" म्हटल्यासारखं झालं.

पाण्याचा वेग मोजायला मशीन लागत नाही. १० मीटर अंतर आखा, सुकी काटकी टाका, सेकंद मोजा, तीनदा करून सरासरी घ्या. २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. खाली पाणी हळू असतं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.३४ आलं, तो लिहा.

पाण्याचं तापमान सावलीत घ्या, सोबत वेळ लिहा. सकाळी नऊचं तापमान आणि दुपारी तीनचं तापमान यांची तुलना करून "ओढा तापतोय" म्हणणारे मी पाहिलेत.

तळाला काय आहे ते पण, आणि "दगड" इतकंच नको. २ मिलिमीटरच्या खाली वाळू, २ ते ६४ खडी, ६४ ते २५६ गोटे, त्यावर धोंडे. मोजत बसायची गरज नाही, मूठ ही साधारण गोट्याच्या मापाची खूण धरा. गोट्यांच्या फटी गाळाने बुजल्यात का, हे मात्र नंतर, जाळी उचलल्यावर, बोट घालून बघा. मुरीचं घर ती फट आहे, फट बुजली की बाकी पाणी कितीही स्वच्छ दिसो, मुरी जाते.

> चेक: खोली आणि तळ आत्ताच पाण्यात उतरून मोजू नका, मासे उधळतात. जिथे जाळी लावाल तिथे जाळी उचलल्यावर मोजा. इथपर्यंत पाय कोरडे असायला हवेत.

## ५. दहा मिनिटं बसा

ही पायरी सगळेच गाळतात. डोहाच्या काठी सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा आणि काही करू नका. पहिली दोन-तीन मिनिटं ओढा रिकामा वाटतो, मग तळाचा एक गोटा हलल्यासारखा वाटतो, तो गोटा नसतो, मुरी असते, तिच्या अंगावरचे पट्टे आणि खडीच्या सावल्या इतक्या सारख्या की ती थांबली की परत दिसेनाशी होते. कोण पृष्ठभागाजवळ आहे, कोण तळाला, कोण कुणाला हुसकावतंय, हे लिहून घ्या, जाळीत आल्यावर यातलं काहीच कळत नाही.

## ६. जाळी: खालून वर

नेहमी पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरू करून धारेच्या विरुद्ध वर जायचं. वरून खाली आलात तर तुम्ही ढवळलेला गाळ तुमच्याच पुढे जातो, दिसत काही नाही आणि पुढचे मासे आधीच सावध होतात.

दोघं लागतात. एकजण जाळी तळाला टेकवून धारेकडे तोंड करून धरतो, दुसरा तिच्या वरच्या अंगाला फूटभरावर गोटे हाताने उचलतो, पायाने हलकेच तळ हलवतो. अर्धा मिनिट. मग जाळी वर. प्रत्येक प्रकारच्या भागात अशा पाच जागा, म्हणजे खळाळात पाच, संथ धारेत पाच, डोहाच्या कडेला पाच. मासा आला नाही तरी ती जागा वहीत "०" म्हणून लिहायची. शून्य लिहिलं नाही की पुढच्या वेळी आकडे जुळवताच येत नाहीत, कारण वीस मासे पाच जागांत मिळाले की पन्नास जागांत हे कुणाला कळणार?

उचललेला गोटा त्याच जागी, तीच बाजू खाली करून ठेवायचा. गोट्याच्या पोटाला किड्यांच्या अळ्या असतात, काही माशांची अंडीही तिथेच चिकटलेली असतात, उलटा टाकलात तर ती उघडी पडून जातात. दिवसाला शंभर गोटे उलटे करून "सर्व्हे केला" म्हणणं म्हणजे शंभर घरांची छपरं काढून खानेसुमारी केल्यासारखं आहे.

> सावध: गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि धार ओढत असेल तर ती जागा सोडा. वरच्या डोंगरावर ढग दाटले किंवा पाणी अचानक गढूळ झालं तर सामान नाही, माणसं आधी बाहेर.

## ७. बादली

बादलीत त्याच ओढ्याचं पाणी, सावलीत, अर्ध्यापर्यंत, आत दोन-चार पानं लपायला. दर दहा मिनिटांनी पाणी बदला. मासे तोंड वर करून पृष्ठभागाशी गिळल्यासारखं करायला लागले की ऑक्सिजन संपतोय, फोटो राहिले तर राहिले, आधी पाणी बदला किंवा सोडून द्या. बाटलीतलं नळाचं पाणी कधीच घालू नका, त्यात क्लोरीन असतं.

हात ओले करूनच मासा धरायचा, किंवा धरायचाच नाही, चहाच्या गाळणीने पाण्यासकट उचला. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं कवच आहे, कोरड्या हाताला तोच चिकटून येतो. मासा दिमाखात पोहत जातो आणि चार दिवसांनी बुरशीने मरतो, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

आणि खेकडा. जाळीत पाल्याबरोबर एवढासा खेकडा आला होता, मी न बघता सगळं बादलीत ओतलं आणि वही लिहीत बसलो. पाच मिनिटांनी बघतो तर दोन मुऱ्यांचे फक्त पुढचे अर्धे भाग. तेव्हापासून जाळी आधी ताटात उलटी करतो. वाम, डोकऱ्या, खरपा हे मांसाहारी लोक आले तर त्यांची बादली वेगळी.

## ८. फोटो

एकेक मासा, एकाला जास्तीत जास्त एक-दोन मिनिटं. क्रम असा:

1. डावी बाजू पूर्ण, डोकं फोटोत डावीकडे. सगळीकडे हीच पद्धत आहे म्हणून तुलना सोपी जाते. डब्याला बाहेरून पट्टी चिकटवलेली असू द्या.
2. वरून.
3. खालून, तोंड आणि हनुवटी. हा फोटो नसेल तर निम्म्या माशांची ओळख पटतच नाही.
4. शेपटीचा जवळून.

फ्लॅश नको, डबा ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या, मागे राखाडी कापड धरा. मासा पंख मिटून बसला तर डबा हळूच किंचित तिरका करा, तोल सांभाळायला तो पंख उघडतो.

लांबी लिहिताना कुठली ते लिहा. तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पंख जिथे सुरू होतो तिथपर्यंत ती प्रमाण लांबी, पंखाच्या टोकापर्यंत ती एकूण लांबी. दोन्ही मिसळल्या की पिल्लं किती आणि मोठे किती हे गणितच बिघडतं.

## ९. ओळख, आणि कुठे थांबायचं

घाईत जातीचं नाव देऊ नका. ओळीने बघा.

हनुवटीवर, खालच्या ओठामागे गोल चकती आहे? मग तो गारा वंशातला, आपला मळव्या. त्याच्या एका जातीचं नावच गारा मुल्या आहे, साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा इथली बोलीतली नावंच उचलली होती. 'मूरेह' हे नावही त्याच यादीतलं, म्हणजे आपली मुरी. तोंडाच्या पुढच्या टोकावर पांढरे टोचरे दाणे दिसले तर तो रोग समजू नका, वयात आलेल्या नरावर असे दाणे येतात.

चकती नाही, अंग लांबट, मिशांच्या तीन जोड्या, दोन पुढे आणि एक तोंडाच्या कोपऱ्यात? मुरी. आता डोळ्याखाली बघा, छोटासा उभा राहणारा काटा आहे का. जाळीत अडकतो तोच हा. असेल तर ती लेपिडोसेफॅलिक्थिसच्या घराण्यातली, वाळूत घुसणारी. नसेल तर शेपटी बघा. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला ठसठशीत काळा डोळ्यासारखा ठिपका म्हणजे पॅराकँथोकोबायटिस असण्याची शक्यता. शेपटी गोल आणि पाठीवरचा पंख बराच मागे असेल तर इंडोरिओनेक्टिस. शेपटीला खाच आणि अंगावर पाठीकडून पोटाकडे जाणारे उभे पट्टे असतील तर शिस्टुरा.

इथे थांबा. वंश लिहा, जात लिहू नका. इंडोरिओनेक्टिस इवेझार्डी ही मुरी मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडच्या माशांवरून नोंदवली आणि पुढे कित्येक वर्षं सह्याद्रीतली तशी दिसणारी प्रत्येक मुरी त्याच नावाने लिहिली गेली, आता त्यातून वेगवेगळ्या जाती निघायला लागल्यात. म्हणजे जुन्या नोंदीत "इवेझार्डी" असं ठामपणे लिहून फोटो न ठेवणाऱ्याची नोंद आज वाया गेली, आणि "इंडोरिओनेक्टिस, फोटो चार, खळाळ, खोली १५ सेंटिमीटर" लिहिणाऱ्याची कामाला आली.

## १०. सोडणं

जिथे पकडला त्याच भागात सोडा, खळाळातला खळाळाच्या कडेला, डोहातला डोहात. बादली पाण्यात टेकवून आडवी करा, वरून ओतू नका. एखादा मासा आडवा पडत असेल तर संथ पाण्यात गोट्याच्या आडोशाला सोडून श्वास लागेपर्यंत थांबा.

आता एक मुद्दा ज्यावर माझं लोकांशी भांडण होतं. "आमच्या ओढ्यात मुऱ्या कमी झाल्या म्हणून पलीकडच्या ओढ्यातल्या आणून सोडल्या." हे करू नका. घाटमाथ्याच्या एका बाजूचं पाणी कृष्णा-गोदावरीला जातं, दुसऱ्या बाजूचं कोकणात उतरून थेट समुद्राला, मधे चालत अर्धा तास असेल पण मासा काही चालत जात नाही. दोन्हीकडच्या मुऱ्या फार फार काळ वेगळ्या वाढल्यात, दिसायला सारख्या असल्या तरी. एक बादली इकडून तिकडे नेली की ती सरमिसळ कधीच मागे घेता येत नाही. शिवाय ज्या कारणाने पहिल्या संपल्या ते कारण तिथेच असतं, नवीनही संपतात.

## ११. घरी आल्यावर, त्याच रात्री

जाळी, बूट, बादली धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. फोटोंना नाव द्या: तारीख, ओढा, जागेचा नंबर, माशाचा नंबर. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, टाकताना दुर्मिळ वाटणाऱ्या माशाचं ठिकाण झाकून टाका, अ‍ॅक्वेरियमसाठी मासे उचलणारे पण तिथे बघत असतात. पूर्ण ठिकाणासह प्रत समितीच्या नोंदवहीला द्या.

## १२. त्या पट्ट्याचं काय करायचं

नोंद दोन-तीन हिवाळे झाली, तोच पट्टा, तेवढ्याच जागा, तोच महिना, की मगच काही म्हणता येतं. पण काही गोष्टींना थांबायची गरज नसते, पहिल्याच दिवशी लिहून समितीला सांगा:

- रस्त्याखालचा पाईप पाण्याच्या वर लटकतोय का. वितीभर उंचीची धार पडत असली तरी बरेचसे चढणीचे मासे तिथेच अडतात. पाईपच्या तोंडाशी धोंडे रचून पाणी वर आणलं तरी फरक पडतो.
- खळाळातून वाळू-गोटे ट्रॉलीने उचलले जातात का. डोहातला गाळ काढणं वेगळं, खळाळ खरवडणं वेगळं, हे बैठकीत स्पष्ट बोला, कारण दोन्हीला "खोलीकरण" असंच म्हणतात.
- बंधारा असेल तर कुठे आहे आणि पावसाआधी उघडतात का. खळाळावरच बंधारा घातला की खळाळाचा डोह होतो, मळव्याची जागा जाते आणि तिलापियाची तयार होते.
- डासांसाठी गप्पी सोडलेत का. टाकीत, हौदात सोडा, वाहत्या ओढ्यात नको.
- काठाची झाडं. उंबर, करंज, जांभूळ तोडून काठ "साफ" केला की दुपारचं पाणी तापतं, तुमच्या तापमानाच्या रकान्यात ते पुढच्याच वर्षी दिसेल.

आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या खुणांचा फोटो गावातल्या निदान दोघांकडे ठेवून द्या, माझा एक पट्टा फक्त मलाच माहीत होता, उंबर पडला पुरात, आणि पुढच्या डिसेंबरला मी अर्धा दिवस तो कुठून सुरू होत होता तेच शोधत होतो.